पुढे कडक, मागे मऊ: १९६९च्या कॅमॅरोच्या मागच्या पाट्यांचे बुश

गाडी १९६९ची शेव्हरले कॅमॅरो एसएस. ३५० घनइंचांचं व्ही-८ इंजिन, मन्सीचा चार गिअरचा गिअरबॉक्स, मागे बारा बोल्टांचं डिफरन्शियल, गुणोत्तर ३.३१. मालक म्हणजे माझे शेजारी. डेट्रॉइटच्या उत्तरेला रॉयल ओकमध्ये राहतात, टूल-अँड-डायच्या कामातून निवृत्त झालेत, हात अजून सफाईदार आहे. गाडी दोरीमागे उभी करून दाखवायची नाही. रस्त्यावरचं बर्फ आणि ते वितळवायला टाकलेलं मीठ गेलं की ती बाहेर पडते आणि पुढचं मीठ पडेपर्यंत किराणा आणण्यापासून वुडवर्ड ॲव्हेन्यूवरच्या संध्याकाळच्या फेरफटक्यापर्यंत सगळ्या कामांना जाते. हे आधीच सांगतो, कारण पुढचे निर्णय यावरच झाले. हीच गाडी ड्रॅग स्ट्रिपवर फक्त पाव मैल सरळ पळणार असती, तर आम्ही वेगळं काही बसवलं असतं.

तक्रारी तीन होत्या. गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडून पुन्हा दाबला की मागून डाव्या अंगाला ‘ठक्’. आय-७५ महामार्गावर लेन बदलताना पुढचा भाग लगेच वळायचा, मागचा क्षणभर रेंगाळायचा आणि मग एकदम यायचा. तिसरी तक्रार तरुण नातवाने केली होती: सिग्नलवरून जोरात सुटलं की मागची चाकं रस्त्याला चिकटून राहण्याऐवजी थडथड उड्या मारतात.

शेजाऱ्यांनी आधी शॉकॲब्सॉर्बर बदलले होते. काही फरक पडला नव्हता. मग त्यांनी कॅटलॉगमधून लाल पॉलीयुरेथेनच्या बुशचं पूर्ण किट मागवलं, पुढच्या डोळ्यांचे आणि मागच्या शॅकलचे सगळे. (पाटा म्हणजे लीफ स्प्रिंग. त्याचं टोक गोल वळवलेलं असतं तो डोळा, मागचं टोक बॉडीला टांगणारी झुलती कडी म्हणजे शॅकल, आणि या जोडांच्या बोल्टभोवती बसणारी नळीसारखी गादी म्हणजे बुश.) मला बोलावलं ते दुसरा माणूस हाताशी असावा म्हणून. मी पुण्यात असताना ट्रकच्या सस्पेन्शनवर काम केलंय हे त्यांना माहीत होतं. बसवण्याआधी आपण नक्की काय गेलंय ते बघू, एवढीच माझी अट होती.

आधी काय नाही ते ठरवलं

जुन्या गाडीत मागून येणाऱ्या ‘ठक्’ला दावेदार पुष्कळ असतात. प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस हाताने पिळून पाहिले, घट्ट होते. डिफरन्शियलमध्ये दात-दातांतली मोकळीक थोडी होती, पण तिचा आवाज बारीक आणि मध्यभागी येतो, एका बाजूला नाही. शॉकचे बोल्ट नुकतेच बसवलेले. पाटे आणि ॲक्सलच्या बैठकीमध्ये या गाडीत रबराच्या गाद्या असतात, त्या दबल्या होत्या पण सरकल्या नव्हत्या. पाट्यांमध्ये चीर नाही, सेंटर बोल्ट शाबूत.

मग फोन कामाला लावला. गाडी रॅम्पवर चढवली, चाकांना पुढून-मागून ठोकळे लावले, फोन पुढच्या डोळ्याकडे तोंड करून फरशीवर ठेवला आणि व्हिडिओ सुरू केला. गाडीखाली माणूस नाही, ही गोष्ट ठाम. शेजाऱ्यांनी ब्रेक दाबून धरून पहिल्या गिअरमध्ये क्लच अलगद पकडेपर्यंत सोडला, मग रिव्हर्समध्ये तेच केलं. डाव्या बाजूचा व्हिडिओ पाहिल्यावर वाद संपला. पाट्याचं टोक ब्रॅकेटच्या आत पुढे-मागे सरकत होतं, डोळ्यांनी सहज दिसेल एवढं. उजवीकडेही हालचाल होती, पण निम्म्याहून कमी.

गाडी सपाट जागी आणून ओळंबा सोडला आणि दोन्ही बाजूंना पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचं अंतर फरशीवर खुणा करून मोजलं. या मॉडेलचा व्हीलबेस १०८ इंचांचा, म्हणजे सुमारे २,७४३ मि.मी. डावं अंतर उजव्यापेक्षा ७ मि.मी. जास्त भरलं. म्हणजे मागचा ॲक्सल सरळ उभा नव्हता, डावीकडून मागे झुकलेला होता.

या पाट्याच्या अंगावर काय काय असतं

१९६९च्या कॅमॅरोला मागे पाट्यांशिवाय दुसरं काहीही नाही. ॲक्सलला पुढे-मागे धरणारा रॉड नाही, आडवा धरणारा दांडा नाही. गाडीचं वजन पेलायचं पाट्याने, ॲक्सल जागेवर धरायचा पाट्याने, इंजिनच्या जोराने डिफरन्शियलचं नाक वर उचललं जातं ते दाबायचंही पाट्याने, आणि ब्रेक लागल्यावर उलट्या दिशेचा पीळ घ्यायचा तोही त्यानेच. १९६७मध्ये शेव्हरलेने सगळ्या कॅमॅरोंना एकाच पात्याचे पाटे दिले होते. ताकदवान इंजिनांबरोबर तो पाटा इंग्रजी ‘एस’सारखा वाकून सुटायचा आणि चाकं उड्या मारायची. १९६८पासून ताकदीच्या गाड्यांना अनेक पात्यांचे पाटे आले आणि मागचे शॉक एक ॲक्सलच्या पुढे, एक मागे असे तिरपे बसवले, ते याच उड्यांवर इलाज म्हणून. त्यामुळे १९६९च्या गाडीत चाकं तशीच नाचत असतील, तर आधी कुठेतरी काहीतरी ढिलं झालंय असं धरावं. ट्रॅक्शन बार, म्हणजे पाट्याचा पीळ रोखणारा वरून बसवायचा दांडा, नंतर. इथे बरेच जण पहिला खर्च ट्रॅक्शन बारवर करतात आणि मेलेला बुश त्याच्या मागे सुखाने लपून राहतो.

आता आकडे. त्या वर्षीच्या या इंजिनाची जाहीर ताकद ३०० अश्वशक्ती आणि ३८० पाउंड-फूट टॉर्क, म्हणजे साधारण ५१५ न्यूटन-मीटर. पहिला गिअर २.५२, डिफरन्शियल ३.३१. गुणाकार केला की चाकांपाशी कागदावर जवळपास ४,३०० न्यूटन-मीटर येतो. एवढा जोर रस्त्यावरच्या टायरला झेपत नाही, टायर आधीच सुटतो. दीड टनाची गाडी, मागच्या चाकांवर सुटताना येणारं वजन आणि चांगल्या टायरची पकड धरली तर एकेका बाजूला सुमारे साडेतीनशे किलोचा ढकला उरतो. हा ढकला ॲक्सलकडून गाडीपर्यंत पोचतो तो फक्त पाट्याच्या पुढच्या अर्ध्या भागातून, आणि तिथून पुढच्या डोळ्यातल्या रबरातून. मागचा शॅकल त्यात काहीच भाग घेत नाही. तो झुलतो, एवढंच त्याचं काम. पाटा दबला की लांब होतो, ती लांबी शॅकल सामावून घेतो.

पुढच्या डोळ्यातला डावा बुश ३ मि.मी. मागे आणि उजवा ३ मि.मी. पुढे गेला, तर दोन पाट्यांमधल्या मीटरभरापेक्षा थोड्या जास्त अंतरावर ॲक्सल साधारण पाव ते एक तृतीयांश अंशाने तिरपा होतो. कागदावर क्षुल्लक वाटतं. पण मागचा ॲक्सल तिरपा होणं म्हणजे मागच्या चाकांनी स्वतःहून सुकाणू फिरवणं, आणि ताशी ११० किलोमीटरला तेवढं पुरतं. शेजारी ज्याला ‘मागचा भाग रेंगाळतो’ म्हणत होते, ते हेच.

एक हालचाल मात्र बहुतेक लोक विसरतात. गाडी वळणात झुकते, तेव्हा ॲक्सल रस्त्याला समांतर राहतो आणि बॉडी कलते. पाटा मध्यभागी ॲक्सलला आवळलेला आणि दोन्ही टोकांना बॉडीला अडकवलेला. मग तो कलण्याचा कोन कुठे जाणार? पाटा पिळवटतो, ओलं धोतर दोन माणसांनी पिळावं तसा, आणि उरलेला पीळ डोळ्यांतले रबर आणि शॅकलचे रबर स्वतःत घेतात. म्हणजे बुशने बोल्टभोवती फिरणं पुरेसं नाही, थोडं आडवं वाकू देणंही त्याच्याकडून अपेक्षित आहे. कारखान्याने तिथे रबर घातलं ते आवाज कमी व्हावा म्हणून, हे अर्धं खरं. उरलेलं अर्धं हे आहे.

पर्याय

शेजाऱ्यांच्या गॅरेजमध्ये यावर बराच वेळ बोलणं झालं. त्यांच्या एका मित्राचं म्हणणं, पुढे ॲल्युमिनिअमच्या खोळीत डेल्रिन घाला, कायमचं काम होईल. डेल्रिन हे कडक, निसरडं प्लास्टिक आहे. फिरतं सुरेख, दबत जवळजवळ नाहीच. पण रस्त्याचा प्रत्येक सांधा तसाच बॉडीत येतो आणि आडवं वाकणं त्याला नको असतं, त्यासाठी गोलाकार बेअरिंगवाल्या टोकांकडे जावं लागतं. रेसच्या गाडीला योग्य. मिशिगनमधल्या थंडीने फुटलेल्या रस्त्यांवर किराण्याच्या पिशव्या घेऊन जाणाऱ्या गाडीला नव्हे.

साधं नवं रबर हा पर्याय मी पहिला ठेवला होता. मूळ बुशमध्ये रबर बाहेरच्या स्टीलच्या नळीला आणि आतल्या स्लीव्हला (बोल्ट जातो त्या नळीला) चिकटलेलं असतं, कडकपणा साधारण ५५ ते ६५ शोर ए (या मापात आकडा जास्त तितकं कडक). पॉलीयुरेथेन बहुधा ८० ते ९५ शोर ए. नव्या रबराने ‘ठक्’ गेला असता, लेन बदलतानाचा रेंगाळपणाही बराचसा गेला असता. उड्यांवर मात्र इंजिन आणि आजचे टायर पाहता रबर कितपत पुरेल अशी शंका होती. १९६९मध्ये या गाडीला आजच्यासारखे चिकट टायर नव्हते. पकड वाढली की बुशवर येणारा ढकलाही त्याच प्रमाणात वाढतो.

माझा कौल पुढच्या डोळ्यात पॉली आणि शॅकलमध्ये दोन्हीकडे रबर असा होता. जिथे ॲक्सल जागेवर धरायचा तिथे कडकपणा, जिथे पिळाला वाट द्यायची तिथे मऊपणा. शेजाऱ्यांचा मुद्दा असा की पूर्ण किटचे पैसे दिलेत, अर्धं का बसवायचं? गाडी त्यांची, गॅरेज त्यांचं. पूर्ण लाल किट बसवायचं ठरलं, आणि पटलं नाही तर शॅकल पुन्हा उघडायचे, कारण पुढचा डोळा उघडण्याच्या मानाने शॅकल उघडणं फारच सोपं. पुढे गोष्ट तशीच झाली, आणि त्यामुळे एकाच गाडीवर दोन्ही जोड्यांची तुलना करायला मिळाली.

काढणं

बसवायला दुपार पुरते, काढायला किती लागेल ते गंज ठरवतो. ही गाडी पूर्वी कधीतरी मिठाच्या रस्त्यांवरही चाललेली होती.

बॉडीखाली, पुढच्या डोळ्याच्या पुढच्या भक्कम जागी स्टँड लावले, ॲक्सल ट्रॉली जॅकवर तोलून धरला, आणि एका वेळी एकच बाजू उघडली. दुसरी बाजू जागेवर असली की ॲक्सल इकडेतिकडे पळत नाही. ब्रेकचा रबरी होज बॉडीवरून ॲक्सलवर येतो तो ताणला जात नाही ना, हे जॅक खाली घेताना सारखं पाहावं लागतं. शॉक सोडल्यावर ॲक्सल अपेक्षेपेक्षा बराच खाली जातो.

या गाडीत पुढचा डोळा एका वेगळ्या ब्रॅकेटमध्ये असतो आणि ते ब्रॅकेट बॉडीला तीन बोल्टांनी धरलेलं असतं. त्यामुळे डोळ्याचा बोल्ट गाडीवरच काढायची गरज नाही, ब्रॅकेटसकट पाटा खाली घेता येतो. त्या तीन बोल्टांना आदल्या आठवड्यापासून भेदक तेल मारत होतो आणि पाना लावल्यावर थोडं सोडायचं, थोडं परत आवळायचं, असं करत काढलं. त्यांचे नट बॉडीच्या आतल्या बाजूला अडकवलेले असतात. तिथला नट सुटून फिरायला लागला की पुढे पत्रा कापायची वेळ येते. त्यामुळे इथे इम्पॅक्ट गन नाही, हाताचाच पाना.

पाटा बाकावर आल्यावर डावा बोल्ट दिसला. त्याचा नट निघाला, बोल्ट मात्र आतल्या स्लीव्हला गंजाने असा धरला होता की बोल्ट फिरवला की स्लीव्हही फिरायची, आणि रबर स्लीव्हपासून पूर्ण सुटलेलं असल्यामुळे ती आरामात फिरायची. ‘ठक्’ तिथूनच येत होता. फाटलेल्या रबराच्या पोकळीत स्लीव्ह या भिंतीवरून त्या भिंतीवर आपटत होती, आणि रबराची काळी पूड ब्रॅकेटच्या तळाशी साचली होती. ब्रॅकेटची बाजू आणि डोळा यांच्या फटीत रेसिप्रोकेटिंग करवतीचं पातं घालून बोल्ट दोन्हीकडून कापला. गॅस कटरची ज्योत अनेक जण वापरतात. आमच्याकडे पाटा गाडीपासून दूर होता, तरी रबर जळतानाचा धूर आणि गॅरेजमध्ये पेट्रोलने भरलेली टाकी या दोन गोष्टी एकत्र नकोत म्हणून ज्योत नाहीच.

डोळ्यातून जुना बुश काढणं हे नाजूक काम. रबर ड्रिलने पोखरून काढलं, मग बाहेरची स्टीलची नळी हॅकसॉच्या पात्याने आतून लांबीत चिरली. चीर नळीपुरतीच राहिली पाहिजे, पाट्याच्या डोळ्याला ओरखडा गेला तर तिथून पुढे तडा सुरू होऊ शकतो. नळी बहुतेक चिरल्यावर छिन्नीने आत दुमडून बाहेर ठोकली. इथे किटसोबतचा कागद आधी वाचलेला बरा. काही पॉली किटमध्ये जुनी स्टीलची नळी परत वापरायची असते, आणि ती फेकून दिली तर नवा बुश डोळ्यात सैल बसतो. आमच्या किटला नळी नको होती. तरीही डोळ्याचं आतलं माप व्हर्नियरने घेऊन बुशशी ताडून पाहिलं. पन्नास वर्षांत कोणी कधी पाटे बदलले असतील तर वर्षावरून मागवलेलं किट बसेलच असं नाही.

शॅकलचे रबर तर भाकरीसारखे चपटे झाले होते आणि वरच्या बाजूला लंबगोल. काढायला हातच पुरले.

बसवणं

पॉली आणि रबर यांचा मूळ स्वभाव वेगळा, आणि चुका बहुतेक तिथेच होतात. चिकटवलेल्या रबराचा बुश फिरत नाही, तो पिळतो. स्लीव्ह बोल्टबरोबर आवळली गेलेली असते, आणि पाटा वरखाली झाला की रबर आतल्या आत पिळलं जाऊन परत येतं. म्हणून रबर असेल तर शेवटची आवळणी गाडी स्वतःच्या चाकांवर, नेहमीच्या उंचीवर उभी असतानाच करायची. ॲक्सल लोंबकळत असताना आवळला आणि मग गाडी खाली उतरवली, तर पुढच्या डोळ्यात रबर दहा-एक अंश पिळलेल्या अवस्थेतच आयुष्य काढतं. गाडीची मागची बाजू थोडी उंच राहते आणि रबर वर्षा-दोन वर्षांत फाटतं. ‘नवे बुश टिकतच नाहीत’ अशी तक्रार ऐकली की मी पहिला प्रश्न हाच विचारतो: कधी आवळले?

पॉली स्लीव्हवर खरोखरच फिरतं, म्हणून त्याला ग्रीस लागतं. किटबरोबर आलेलं चिकट सिंथेटिक ग्रीस स्लीव्हच्या बाहेरून, बुशच्या आतून आणि दोन्ही कडांच्या चपट्या तोंडांवर भरपूर लावलं. कडा लोक विसरतात आणि मग कुरकुर तिथूनच येते. रबरी शॅकलला मात्र पेट्रोलियमचं ग्रीस लावायचं नाही, नैसर्गिक रबर तेलाने फुगतं. तिथे बसवताना साबणाचं पाणी पुरतं. आपल्याकडच्या ट्रकांमध्ये शॅकलला पिन आणि गनमेटलचा बुश असायचा आणि निपलमधून ग्रीस मारलं की सगळं सुरळीत, त्यामुळे ‘जिथे फिरतं तिथे ग्रीस’ ही सवय हाताला लागलेली असते. इथे ती आवरावी लागते.

बाजारात पोकळ, ग्रीस निपलवाले बोल्ट मिळतात. शॅकलला ठीक. पुढच्या डोळ्यात मी ते घालत नाही. साडेतीनशे किलोचा पुढे-मागे मारा ज्या बोल्टवर आहे त्याला मधून भोक पाडलेलं मला पसंत नाही. बोल्ट सगळे नवे घेतले, मूळच्याच ताकदीच्या ग्रेडचे. हार्डवेअरच्या दुकानातले चकचकीत स्टेनलेस बोल्ट दिसतात चांगले, पण त्यांची ताकद कमी पडते. बोल्टच्या दांड्याला अँटी-सीझचा (गंजून अडकू न देणाऱ्या लेपाचा) पातळ हात दिला, म्हणजे पुढच्या माणसाला करवत लागणार नाही. आवळणीचे आकडे शेव्हरलेच्या त्या वर्षीच्या शॉप मॅन्युअलमधले.

पहिला निकाल

‘ठक्’ गेला. तो जाणारच होता. व्हीलबेसमधला फरक ७ मि.मी.वरून २ मि.मी.वर आला. सिग्नलवरून सुटताना चाकं रस्त्यावर राहायला लागली, नातवाने खात्री करून घेतली. आय-७५वर लेन बदलताना मागचा भाग पुढच्याबरोबरच येऊ लागला.

पण आय-६९६वरून आय-७५वर जाणारा वळणदार रॅम्प आहे, तिथे गाडी झुकलेली असताना मध्येच काँक्रीटचा सांधा आला की मागचा भाग अर्धा हात बाहेर उडी घ्यायचा. शेजारी म्हणाले, पूर्वी असं नव्हतं. बरोबर होतं. चारी टोकांना कडक बुश आल्यावर पाट्याला पिळायला मोकळी जागाच उरली नव्हती. वळणात पाटे स्वतःच अँटी-रोल बारसारखे (गाडीचं झुकणं रोखणाऱ्या दांड्यासारखे) वागू लागले, मागची बाजू पुढच्यापेक्षा जास्त ताठ झाली आणि खडबडीत जागी पकड आधी मागून सुटायला लागली. शिवाय दुसरी गोष्ट: शॅकलच्या पट्ट्यांनी पॉलीच्या कडांना बाजूने इतकं दाबलं होतं की शॅकल अडखळत झुलत होता.

हे डोळ्यांनी दाखवायला एक सोपी चाचणी आहे, तिला फूटपट्टीशिवाय काही लागत नाही. गाडी सपाट जागी उभी करायची. मागचा बंपर हाताने खाली दाबून अगदी हळू सोडायचा, चाकावरच्या पत्र्याच्या कडेची जमिनीपासूनची उंची मोजायची. मग बंपर वर उचलून तसाच हळू सोडायचा, पुन्हा मोजायचं. सस्पेन्शनमध्ये घर्षण नसतं तर दोन्ही उंची सारख्या आल्या असत्या. पूर्ण पॉली बसवल्यावर फरक २२ मि.मी. भरला. गाडी सांध्यावर आपटते असं शेजाऱ्यांना वाटत होतं, त्याचं उत्तर या २२ मि.मी.मध्ये होतं: पाटा लहान धक्क्यांना हालतच नव्हता, अडकून बसत होता.

दुसरी फेरी

शॅकल उघडले, लाल बुश काढले, मूळ पद्धतीचे दोन अर्ध्या तुकड्यांचे रबरी बुश वर-खाली चारही ठिकाणी घातले. पुढचे डोळे तसेच ठेवले. या वेळी गाडी रॅम्पवर चारही चाकांवर उभी, टाकी अर्धी भरलेली, ड्रायव्हरच्या जागेवर वजन म्हणून वाळूच्या पिशव्या, आणि मग आवळणी. शॅकल किती कललेला आहे तेही पाहून घेतलं: खालचं टोक किंचित मागे झुकलेलं हवं, म्हणजे पाटा दबल्यावर त्याला मागे जायला वाव राहतो.

बंपरची चाचणी पुन्हा केली तर फरक ९ मि.मी. रॅम्पवरची उडी गेली. सांध्यांचा आवाज अजून येतो, पण तो आता धप्प असा येतो, खण्ण असा नाही. आणि ज्यासाठी पॉली घातलं ते सगळं जागच्या जागी राहिलं: ‘ठक्’ नाही, उड्या नाहीत, ॲक्सल सरळ. माझ्या मते रस्त्यावरच्या पाटेवाल्या गाडीला याहून कडक काही करायची गरज पडत नाही. ज्यांना पडते त्यांची अडचण बहुतेक पाट्यांमध्ये किंवा शॉकमध्ये असते, बुशमध्ये नाही.

बुशमुळे मागची उंची जराशी बदलते, म्हणून डिफरन्शियलच्या नाकाचा कोनही तपासला. जोर पडला की ते नाक वर उचलतं, त्यामुळे उभ्या गाडीत ते एक-दोन अंश खाली रोखलेलं असावं. तसं होतं. हँडब्रेकची केबल ब्रॅकेटजवळून जाते, ती नव्या जागी घासत नाही ना ते पाहिलं. तीन-चारशे किलोमीटर चालल्यावर सगळे बोल्ट मॅन्युअलच्या आकड्यावर पुन्हा लावले; ॲक्सलच्या गाद्यांवरचे थोडे फिरले, बाकीचे जागचे हलले नाहीत.

पुढच्या डोळ्यांना ग्रीस मारायला निपल नाही, त्यामुळे दर हिवाळ्यात गाडी उभी करताना बोल्ट काढून, कडा पुसून, नवं ग्रीस लावायचं ठरलंय. कुरकुर त्याआधी आली तर त्याआधी. व्हीलबेसमधला उरलेला २ मि.मी.चा फरक एवढ्या जुन्या बॉडीच्या मानाने मला काही वाटला नाही. उजवा पाटा डाव्यापेक्षा थोडा बसलाय, तो फरक त्यातूनही येत असेल. पाटे बदलायची वेळ आली की नव्या पाट्यांवर पुन्हा मोजू, तोवर त्याला हात लावलेला नाही.